लूप दहा मीटर

हे लिहून ठेवायचं नाही, असं धैर्यशीलनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

घटनेच्या डायरीत बाकी सगळं होतं. सात एक्केचाळीसला भूकंपाचा धक्का. सात त्रेचाळीसला लाइन तुटली. सात बावन्नला पोर्ट जबरदस्तीनं चालू केला. असं करत करत नऊ अठ्ठावीस, आणि त्यानंतर एकदम नऊ पन्नास. मधली बावीस मिनिटं कोरी. कुणी विचारलंही नसतं. माणूस लघवीला जातो, चहा पितो, तासभर पडद्याकडं बघून डोळे चोळतो.

पण त्या बावीस मिनिटांत तो चहा पीत नव्हता.

करंजवडी घाटाच्या पायथ्याला रस्त्याकडेला एक पत्र्याची केबिन आहे. लांबून एटीएमसारखी दिसते. लोक गाडी थांबवतात, दार ओढून बघतात आणि शिव्या देऊन पुढं जातात. आत दोन रॅक, एक एसी, एक खुर्ची आणि खुर्चीत धैर्यशील लोहार. वय सत्तावीस. बारावीला फिजिक्समध्ये दोनदा आपटलेला. स्विच कॉन्फिगर करायचं तो कुठल्या कॉलेजात शिकला नाही. कराडच्या भंगारवाल्याकडून एक जुना स्विच उचलून आणला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत बसला. पंचवीस वेळा त्यानं तो स्विच बंद पाडला. सव्विसाव्या वेळी हिरवा दिवा लागला. तेव्हा शेजारी बसून टाळ्या वाजवणारा एकच माणूस होता. यासीन मुलाणी. त्याच्याच गावचा, त्याच्याच वर्गातला.

केबिनमधून एक काळी केबल निघते आणि घाट चढून कोकणात उतरते. बोटाएवढी जाड. तिच्या पोटात केसासारख्या बारीक बारा काचेच्या तारा. प्रत्येकीचा रंग वेगळा, निळी पहिली. स्विच या तारांमध्ये प्रकाश सोडतो. कुठल्या तारेत किती जोराचा प्रकाश, त्यावर काय वाहायचं, तार तुटली तर सगळं कुठल्या वाटेनं वळवायचं, हे स्विचला आधीच समजावून ठेवावं लागतं. ते धैर्यशीलचं काम. आणि डोंगरात तुटलेली काच पुन्हा काचेला जोडायची, ते यासीनचं.

सहा वर्षांपूर्वी ही केबल दोघांनीच टाकली होती. दर शंभर मीटरला एक चेंबर, म्हणजे काँक्रीटचा खड्डा, माणूस उकिडवा बसेल एवढा, वर जड झाकण. प्रत्येक चेंबरमध्ये केबलचं थोडं जादा वेटोळं ठेवायचं. त्याला लूप म्हणतात. पुढं कधी तुटली तर ओढून घ्यायला कामी येतो. नियमानं लूप दहा मीटरचा. यासीन खड्ड्यात उतरून केबल गुंडाळायचा, धैर्यशील वर सावलीत बसून रजिस्टर भरायचा.

"किती मारलास रं?" धैर्यशील वरनं विचारायचा.

"मोजतंय कोण? केबल उरतीया. कापून तुकडं खांद्यावर घिऊन घाट उतरायचा का? तूच उतर." खालनं आवाज यायचा. "जादा असू दे. उद्या दरड आली तर हाच लूप ताणून केबल वाचंल."

त्यात काही चूकही नव्हतं. कुठं दहा, कुठं वीस, कुठं तीस. प्रकाशाला दहा मीटरनं काय फरक पडतो? धैर्यशीलनं पहिल्या ओळीत 'लूप दहा मीटर' लिहिलं आणि तीच ओळ खाली एकशे ऐंशी चेंबरपर्यंत ओढली. खाली सही केली. ते रजिस्टर बघून पुण्याच्या ऑफिसनं त्याला शाबासकी दिली होती. इतकी स्वच्छ नोंद कुणाचीच नाही म्हणाले. ही खुर्ची त्याला त्या रजिस्टरमुळंच मिळाली.

आणि मग तीन वर्षांपूर्वी स्विचमध्ये बसवायची ऐकणारी कार्डं आली.

काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक खोट राहतेच. प्रकाशाचा एक ठोका आत सोडला की त्या प्रत्येक खोटीवरनं कणभर प्रकाश उलटा फिरून परत येतो. वरची जमीन हादरली की काच ताणली जाते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी पण नाही, तरी परत येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. आणि तो किती वेळानं परत आला, त्यावरनं किती लांबून आला तेही कळतं. म्हणजे अख्खी केबल एक अठरा किलोमीटरचा कान झाली. कितव्या मीटरला काय धडधडलं ते पडद्यावर दिसायला लागलं, स्पीकर लावला तर ऐकूही यायला लागलं. ट्रक गेला, गवा गेला, दरड सुटायच्या आधी डोंगराच्या पोटात दगड कुरकुरला, सगळं. घाटाखालच्या चार वाड्यांमध्ये भोंगे बसवले. काचेला डोंगर हलल्याचं कळलं की त्याच वाडीचा भोंगा वाजणार.

पण काचेला मीटर कळतात, रस्ता कळत नाही. कितवा मीटर म्हणजे कितवं चेंबर, हे सांगायला नकाशा लागतो. तो मशीननं रजिस्टरावरनं बनवून घेतला. धैर्यशीलच्या.

ऐकणारा कान मिळाल्यावर कंपनीनं त्या मशीनला आणखी एक काम लावलं. गस्तवाल्यांची हजेरी. यासीनला रोज सकाळी पहार घेऊन वीस नंबर चेंबरपासून साठपर्यंत चालायचं असे. मशीननं त्याची चाल आठवड्यात ओळखली. एकदा केबलचा ड्रम घोट्यावर पडला होता, तेव्हापासून त्याचा डावा पाय जरा घासायचा. पडद्यावर एक तिरकी रेघ हळूहळू घाट चढायची आणि तिच्याशेजारी नाव यायचं. यासीनला याची गंमत वाटायची. मनात येईल त्या झाकणावर तो पहारीनं तीन ठोके मारायचा. ठक, ठक, ठक. म्हणजे, काय रं, जागा हायस का? धैर्यशीलला उलट काही सांगता यायचं नाही. तो नुसता केबिनमध्ये एकटाच हसायचा.

मग सप्टेंबरात मशीननं कळवलं, की हा गस्तवाला वीस आणि एकवीस नंबरला जातच नाही. रोजच. तीन महिन्यांची नोंद जोडली होती.

"रोज जातो," यासीन केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला. "झाकण उघडून बघतो. इस नंबरात मुंग्यांचं वारूळ हाय, सांगू?"

"मशीन तसं म्हणत नाही."

"मशीन खोटं बोलतंय."

"मशीन कशाला खोटं बोलंल रं? त्याला काय मिळतंय?"

यासीननं पहार दाराला टेकवली. "अन् मला काय मिळतंय?" एवढंच म्हणाला. गैरहजेरीच्या मेमोवर धैर्यशीलची सही होती. यासीननं पोच म्हणून खाली आपली सही केली, पहार उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून रेघ पहिल्यासारखीच घाट चढत राहिली, पण ठोके बंद झाले. तीन महिने एकही नाही.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी सात एक्केचाळीसला कोयनेकडनं धक्का आला. रॅकची दारं खडखडली, खुर्ची चाकांवर सरकली. इकडच्या माणसाला धक्क्यांची सवय असते, धैर्यशीलनं नुसता चहाचा कप धरून ठेवला. पण हा थांबला तरी पडदा थांबेना. घाटाच्या मध्यावर पांढरा पट्टा उठला आणि पसरत गेला. एका वाडीचा भोंगा वाजायला लागला. मग तो पट्टा एकदम कापल्यासारखा तुटला, आणि त्याच्यापलीकडं सगळं काळं.

यासीनची रेघ त्या पट्ट्यातच संपली होती.

स्विचनं आपलं काम केलं. डोळा मिटायच्या आत फोन-इंटरनेटची सगळी वाहतूक दुसऱ्या वाटेनं वळवली आणि तुटलेल्या लाइनचा लेझर बंद करून टाकला. ते बरोबरच असतं. तुटक्या टोकातनं बाहेर पडणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळा जाळतो. दुरुस्तीवाल्याला इजा होऊ नये म्हणून स्विच स्वतःच अंधार करतो. पण अंधारात काच ऐकत नाही.

धैर्यशीलनं पुण्याच्या ऑफिसात त्याच्या वरच्या खटावकर मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. स्विचची सेटिंग बदलायला दोघांची मंजुरी लागते.

"मॅडम, लेझरचं कुलूप काढतो. बाराव्या तारेवर. नुसता ऐकायचा मोड."

"तुटलेल्या टोकाला माणूस असेल तर? त्याचे डोळे?"

"यासीन असंल तर टोकाकडं बघणार नाही, मॅडम. तो कायम टोक नखावर धरतो. त्यानंच मला शिकवलंय."

त्यांनी आपला कोड टाकला. धैर्यशीलचा तीन वेळा पासवर्ड चुकला. बारा नंबरचा पोर्ट. आपोआप बंद होणं, नको. वाहतूक, नको. ऐकणं, चालू. सात बावन्न. पडद्यावर रेघ जिवंत झाली, चार हजार पाचशे साठ मीटरपर्यंत. तिथं काच संपत होती.

स्पीकरमधनं खरखर आली. मग, अगदी टोकाजवळ, ठक. ठक. ठक.

तीन महिन्यांनी.

धैर्यशीलच्या तोंडातनं आवाज फुटला तो हसण्याचा होता का रडण्याचा, त्याचं त्यालाच कळलं नाही. "जित्ता हाय, मॅडम! चेंबरात असणार. धक्का बसल्यावर खड्ड्यात उडी मारली असणार त्यानं!"

मशीननं हिशेब करून जागा सांगितली. चेंबर एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधे. धैर्यशीलनं ती बचाव पथकाच्या नाईकवडींना फोनवर कळवली. रुंदीकरणाचं काम चाललं होतं, त्यामुळं घाटमाथ्यावर एक पोकलेन उभाच होता. सव्वाआठला तो खाली दरडीत शिरला. दरड मोठी होती. छत्तीसपासून त्रेचाळीसपर्यंत रस्ता, कठडा, झाकणं, काहीच दिसत नव्हतं. नुसता लाल मातीचा उतार.

साडेआठला यासीनची बायको नसीमा केबिनीत आली. कुणाच्या तरी गाडीवर बसून, पायात चप्पल नव्हती. धैर्यशीलनं तिला खुर्ची दिली आणि स्पीकरचा आवाज वाढवला.

"हे त्येच हायत ना, भाऊ?"

"दुसरा कोण असणार, वहिनी? असं आगाऊपणानं कोण ठोकतंय?"

ती हसली. पदर तोंडात धरून हसली आणि मग दर ठोक्याला मान हलवत बसली. दर पाच मिनिटाला तीन ठोके. यासीन श्वास जपून वापरत होता.

नऊ पंचविसाला नाईकवडींचा फोन आला. आवाज दमलेला. "लोहार, तुमच्या दोन्ही चेंबरमधलं सगळं काढलं ओ. एक्केचाळीसचं झाकण सापडलं. उघडलं. आत कोण नाय. बेचाळीसकडं सरकू का?"

"सरका. ठोके येतायत अजून."

फोन ठेवला आणि तो पडद्याकडं बघत राहिला. पडद्यावर काहीतरी खुपत होतं. काय, ते कळायला त्याला दोन-तीन मिनिटं लागली.

पडदा शांत होता.

वीस टनाचा पोकलेन जर यासीनच्या डोक्यावर माती ओढत असता, तर रेघेचं टोक पांढरंफटक पडलं असतं. स्पीकर फाटला असता. ठोके ऐकूच आले नसते. इथं तर पोकलेनची नुसती लांबची गुरगुर येत होती, पलीकडच्या गल्लीत कुणाचा ट्रॅक्टर चालावा तशी. पोकलेन यासीनपासून लांब होता. खूप लांब.

चार हजार पाचशे साठ मीटर काच. काच बरोबरच सांगत होती. पण ती काच चेंबराचेंबरात वेटोळी घालून पडली होती. कुठं दहा, कुठं वीस, कुठं तीस. आणि नकाशा सगळीकडं दहाच धरत होता.

नऊ अठ्ठावीस.

आणि त्याच दमात दुसरं कळलं. वीस नंबरच्या झाकणावर उभा राहिलेला माणूस मशीनला बाविसाव्याजवळ दिसणार. रोजच दिसणार. यासीन रोज जात होता. वीस नंबरात मुंग्यांचं वारूळ होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मॅडम पडद्याच्या कोपऱ्यात होत्या, फोन हातात होता. तो बोलला नाही.

त्यानं कागद घेतला. आधी खात्री करू, असं स्वतःला सांगितलं. आपण उगाच पोकलेन हलवला आणि तो तिथंच निघाला तर? हे खरंच होतं. त्यानं आकडे मांडले. लूप वीसचा धरला तर अडतीस नंबर. पंधराचा धरला तर एकोणचाळीसच्या पुढं. पंचवीसचा धरला तर छत्तीस. कागदावर सातशे-आठशे मीटर जादा केबल सांडली होती आणि ती कुठं किती सांडली हे त्याला माहीत नव्हतं, कारण तो सावलीत बसला होता.

पण आकड्यांच्या खाली दुसरंच चाललं होतं. सही माझी. मेमोवर सही माझी. चार वाड्यांचे भोंगे माझ्या नकाशावर. आज वाजला तो बरोबर वाडीचा वाजला का? हे बाहेर पडलं तर खुर्ची जाईल, आणि बारावी नापास माणसाला दुसरी खुर्ची कोण देणार? जेलपण होईल कदाचित. त्यानं मॅडमना मेसेज टाईप केला, 'नकाशात थोडी तफावत असू शकते', आणि खोडला. परत टाईप केला. परत खोडला. नाईकवडी बेचाळीसला खणतायत, बघू, निघेलही.

निघणार नाही, हे त्याला माहीत होतं.

ठक. ठक. ठक.

नसीमानं कोपऱ्यातल्या जारमधनं पाणी भरून त्याच्यासमोर ठेवलं. "प्या, भाऊ. घाम आलाय बघा किती." तिनं त्याच्या हातातला कागद बघितला. "तुम्ही हाय म्हणून बरंय. दुसऱ्या कुणाला ह्यातलं कळलं असतं का?"

तो पाणी प्यायला. सगळा ग्लास.

पुढच्या वेळी ठोके दोनच आले. दुसरा फार हळू होता. तिसऱ्याची वाट बघत नसीमा उभी राहिली. तिसरा आलाच नाही.

"मॅडम," धैर्यशील म्हणाला. नऊ पन्नास. "नकाशा चुकीचाय. रजिस्टर मी खोटं भरलंय. यासीन तिथं नाहीच. खाली कुठंतरी हाय, दोन-चारशे मीटर अलीकडं."

पुण्यात कुणीतरी खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज आला. "हे तू आत्ता सांगतोयस?"

"होय."

"कुठं आहे तो?"

"नक्की मला माहीत नाही. त्यालाच विचारावं लागंल."

"विचारणार कसं?"

नसीमा त्याच्याकडं बघत होती. तिला अर्धंच कळलं होतं, पण ते पुरेसं होतं. ती दोन पावलं मागं सरकली आणि भिंतीला टेकली.

धैर्यशीलनं ड्रॉवरमधनं लाल पेन काढलं. पेनाएवढा लाल लेझर, प्रत्येक केबलवाल्याच्या खिशात असतो. तारेत लाल प्रकाश सोडायचा आणि काच कुठं फुटलीय ते बघायचं. चार-पाच किलोमीटर जातो, मग विझतो. घाटात मोबाईलला रेंज नसायची, तेव्हा ते दोघं याच पेनानं बोलायचे. एकानं खालनं निळ्या तारेत लाल प्रकाश तीनदा, सावकाश लावून विझवायचा. म्हणजे, कितव्या चेंबरला हायस? वरच्यानं नंतर पायी येऊन सांगायचं किंवा झाकण ठोकायचं. आधी दशकाचा आकडा, मग थांबून एककाचा. पोरखेळ होता.

आता हे चालायला यासीनच्या हातात केबलचं तुटकं टोक हवं होतं. ते सोललेलं हवं होतं. त्यातली निळी तार त्यानं नखावर धरलेली हवी होती. आणि तो शुद्धीवर हवा होता.

त्यानं निळ्या तारेचं कनेक्टर स्विचमधनं उपसलं आणि पेन खुपसलं. लावलं. विझवलं. लावलं. विझवलं. लावलं.

काही नाही.

परत तीनदा. अंगठा दुखायला लागला. स्पीकरमध्ये नुसती लांबच्या पोकलेनची गुरगुर. "नाईकवडी, मशीन बंद करा," तो फोनवर ओरडला, "सगळं बंद करा, मला ऐकू द्या!" गुरगुर थांबली. घाटात एवढी शांतता झाली की त्याला वरच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं, चार किलोमीटरवरचं.

लावलं. विझवलं. "बघ की रं," तो पुटपुटत होता. "नखाकडं बघ. भडव्या, नखाकडं बघ."

दहा वाजून सात मिनिटांनी स्पीकरमध्ये काहीतरी खरवडलं.

ठक. ठक. ठक.

मग थांबला. इतका वेळ थांबला की धैर्यशीलला वाटलं, हे नेहमीचेच तीन होते, उत्तर नव्हतंच.

ठक, ठक, ठक, ठक. जरा थांबून अजून. पाच. सहा. सात.

आठ.

"अडतीस," नसीमा भिंतीपाशी म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती मोजत होती.

पोकलेनला दरडीवरनं साडेतीनशे मीटर खाली यायला वाट करावी लागली. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत धैर्यशील पेन लावत-विझवत राहिला, काही विचारायला नाही, नुसता अंधारात एक लाल ठिपका राहावा म्हणून. पोकलेन जवळ आला तसा पडदा पांढरा होत गेला, आणि शेवटी रेघेचं टोक असं पेटलं की बघवेना. मग ठोके ऐकूच येईनात. दर पाच मिनिटाला तो "थांबवा" म्हणायचा, नाईकवडी मशीन थांबवायचे आणि सगळे कान लावायचे. एकदा एक ठोका आला. पुढच्या दोन वेळा काहीच नाही. नंतर नाईकवडी म्हणाले, "लोहार, आता थांबवत नाय. झाकण दिसतंय."

बारा वीसला त्यांनी यासीनला बाहेर काढलं. डावा पाय झाकणाच्या तुटलेल्या काँक्रीटखाली साडेचार तास अडकलेला होता. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर निळी तार चिकटपट्टीनं बांधलेली होती, कारण बोटांत धरायची ताकद उरली नव्हती. केबल खड्ड्याबाहेरच तुटली होती, पण लूप मोठा होता. तीस मीटरचा. म्हणून टोक ओढून आत घेता आलं, असं त्यानं नंतर सांगितलं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. धैर्यशीलनं कराडच्या हॉस्पिटलच्या जिन्यात डॉक्टरांना गाठून विचारलं, वीस-बावीस मिनिटं आधी काढला असता तर? डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "तसं कोणीच सांगू शकत नाही." त्यानं आयुष्यात ऐकलेलं हे सगळ्यात वाईट उत्तर होतं. हो म्हणाले असते तरी चाललं असतं.

चार दिवस नसीमानं त्याला आत जाऊ दिलं नाही. नुसती दारात उभी राहिली. तो बाकड्यावर बसून परत यायचा. मॅडमनी त्याचं लॉगिन बंद केलं होतं. चौकशी होईपर्यंत गस्तीवर टाकलं होतं, यासीनच्याच पट्ट्यात. घटनेची डायरी मात्र त्यानंच सात दिवसांत भरून द्यायची होती.

पाचव्या दिवशी ती दारातनं बाजूला झाली.

यासीन खिडकीकडं तोंड करून पडला होता. चादरीला एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला अर्धाच.

"इस नंबरात वारूळ हाय," धैर्यशील म्हणाला. "काल बघितलं."

"मग? मी काय सांगत होतो?" आवाज बसलेला. "मेमो फाडला का?"

"फाडला. मॅडमना लिहून दिलं."

"डायरी भरलीस?"

"भरली."

"सगळी?"

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. धैर्यशीलनं सांगितलं. पडदा शांत होता ते, कागद, खोडलेला मेसेज, पाण्याचा ग्लास. नऊ अठ्ठावीस ते नऊ पन्नास. सांगताना त्यानं चादरीकडं बघितलं नाही, म्हणजे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं.

यासीननं अर्ध्या बाजूवरची चादर सारखी केली.

"मी ठोकत हुतो," तो म्हणाला, "कारण मला वाटत हुतं तू ऐकतोयस."

"ऐकत होतो."

"ऐकून गप बसला हुतास."

"होय."

नसीमा दाराशी उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

"नाव धैर्यशील," यासीन म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डोळे मिटून घेतले. डोळ्यांतनं पाणी कानाकडं गेलं ते त्यानं पुसलं नाही. मग डोळे न उघडताच म्हणाला, "लिव."

"आत्ता?"

"माझ्याम्होरं."

धैर्यशीलनं मोबाईल काढला आणि कोऱ्या जागेत टाईप करायला लागला. दोन ओळी लिहायचा, थांबायचा, परत दोन ओळी. यासीन श्वास मोजल्यासारखा पडून राहिला. लिहून झाल्यावर त्यानं हात पुढं केला, मोबाईल घेतला आणि सगळं वाचलं. पाण्याच्या ग्लासापाशी थांबला. परत दिला.

"त्या वाड्यांचं भोंगं अजून त्याच नकाशावर हायत?"

"हायत. मशीनला आकडे कुठनं देणार? कुणालाच माहीत न्हाईत."

"मलापण न्हाईत. अडतीस सोडून." तो चादरीच्या अर्ध्या बाजूकडं बघत राहिला. "पाऊस यायच्या आत सगळी झाकणं उघडून मोजायला पायजेत. एकशे ऐंशी. मी आता उतरणार न्हाय खड्ड्यात. मॅडमचा फोन आला हुता. तुझ्या खुर्चीत बस म्हणत्यात. मला त्यातलं घंटा कळतंय."

"शिकवतो की."

"तू शिकव, मग मी तुझ्यावर लक्ष ठेवतो. तू चालणार, मी ऐकणार." आता पहिल्यांदा त्यानं धैर्यशीलकडं नीट बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती, पण पाठही फिरवलेली नव्हती. "सावलीत बसून एक जरी झाकण भरलंस ना, मला खुर्चीतनं कळंल. मेमो काढीन. माझ्या सहीनं."

"प्रत्येक झाकण," धैर्यशील म्हणाला. "वर तीन ठोके, मग खाली उतरून टेप. जेवढा निघंल तेवढाच लिवीन, यासीन. तीस निघाला तर तीस."